नाव घेऊन वाढलेलं ताट

"खंडोबा नेतो, बिरोबा नेतो. पन ह्यो कोन, आप्पा?"

संपतनं चुलत्याच्या देव्हाऱ्यातला चांदीचा छोटा टाक उजेडात धरला. टाकावर घोडेस्वार कोरलेला होता, पण पूजेत घासून घासून त्याचं तोंड सपाट झालं होतं.

"आपला ईर हाय," मल्हारी म्हणाला. "माझ्या खापरपंज्याचा धाकटा भाऊ. होळकराच्या फौजंत गेला आन् कवळ्या वयात पडला. पेशव्याची आन् होळकराची जुंपली व्हती तवा."

"नाव काय?"

"नाव न्हाई ठावं."

"मग ऱ्हाऊ द्या. फ्लॅटमदी देव्हारा ह्येवढासा हाय. आमची रुपाली आदीच कुरकुरती."

दोन देव रुमालात बांधून पुतण्या मोटारसायकलवरून निघून गेला. देव्हाऱ्यात वीर उरला आणि भांडगावच्या त्या घरात मल्हारी. त्याचा उभा जन्म दौंडच्या यार्डात रूळ तपासण्यात गेला होता. मूलबाळ झालं नाही, आणि बानूबाई गेल्यापासून घरात बोलायला रेडिओ तेवढा होता. पुतण्याचा राग करावा तर तोही येईना. नको म्हणवून घ्यायची त्याला सवय होती.

ज्याचं पुढं कुणी करणार नाही तो टाक नदीत सोडायचा, अशी रीत. सोडायला त्याची ना नव्हती. पण निरोप देताना एकदा नावानं हाक तरी मारायला नको? पडलेल्या त्या पोराचं नाव कानावर आलं की त्याची आई जेवण सोडायची, म्हणून घरानं ते घेणंच बंद केलं. एवढ्या मायेपायी नाव कायमचं गेलं. वीर भीमेकाठी पडला, वडगाव रासाईला, एवढंच मागे राहिलं होतं. रिटायर झाल्यावर जाऊ, बानूबाईला बरं वाटल्यावर जाऊ, असं करता करता मल्हारीचं तिकडं जाणं राहूनच गेलं होतं.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी तो टाक खिशात घालून वडापच्या जीपनं वडगाव रासाईला उतरला. नदीकडं जाताना उसाच्या बांधाला शेंदूर लावलेला एक दगड दिसला. दगडापुढं एक वाकलेली म्हातारी पुरणपोळीचं ताट घेऊन उभी होती. रंगुबाई तिचं नाव, शेत तिचंच.

"मावशी, कुनाचा वं दगड?"

"धुळाचा."

"धुळा कोन?"

"व्हता धनगराचा एक पोर, होळकराकडचा. आमच्या घरचं जुनं मानूस पेशव्याच्या बाजूचं. हितंच गाठ पडली म्हनं. आमच्या मानसानं भाला घातला आन् मग बघितलं, तर पोराला मिसरूड बी न्हाई. पानी मागत व्हता. ह्यानं पाजलं, नाव इचारलं. धुळा म्हनला आन् गेला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तवापासनं दिवाळीचं पयलं ताट त्याचं. नाव घिऊन वाढायचं, अशी आन हाय आमच्या घराला."

मल्हारी बांधावरच बसला. ज्यांचं लेकरू होतं त्यांनी नाव घालवलं, आणि ज्यांनी मारलं त्यांनी ते दोनशे वर्षं जपलं. राग कुणाचा करावा हेच त्याला कळेना. रडू मात्र आलं, आणि ते त्यानं आवरलं नाही. खिशातून टाक काढून त्यानं तिच्यापुढं धरला.

"म्या त्याच्या घरचा, मावशी."

रंगुबाईनं वाकून टाक निरखला. मग हातातलं ताट तिनं त्याच्या हातात दिलं.

"मग आज तुमी वाढा."

मल्हारीनं ताट दगडापुढं ठेवलं. लेकराला जेवायला हाक मारायची पाळी त्याच्यावर जन्मात आली नव्हती. आवाज केवढा काढावा ते त्याला समजेना.

"धुळा," तो हळूच म्हणाला, "जेवायला ये रं, बाळा."

नदी समोरच होती. पण टाक पाण्यात सोडायला आता त्याचा हात धजेना.

"तुमच्या मागं कोन करंल, मावशी?"

"सून हाय की, मोनाली. समदं दावलंय तिला."

"मग ह्यो हितंच ऱ्हाऊ द्या. माझ्या मागं कुनी न्हाई."

तिनं टाक कपाळाला लावून पदराच्या गाठीत बांधला. गाठ बांधता बांधता तिनं विचारलं, "तुमचं नाव काय म्हनायचं?"

"मल्हारी."

"मल्हारी," ती पुटपुटली. मग दगडापुढच्या ताटाकडं बघत, नीट ध्यानात राहावं म्हणून तिनं पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, "मल्हारी."