मालकाने उचलायचं फळ

गेला तासभर पितांबरआबांनी आ वासला होता आणि तो मिटावा एवढंही भान त्यांना उरलं नव्हतं.

आबा लोणखेड्याजवळचे पपईवाले. आज नंदुरबारच्या मैदानावर ते आले होते ते गावच्या शाळेच्या पोरींना हरताना बघायला, आणि हे त्यांनी टेम्पोत सगळ्यांना मोठ्याने सांगितलंही होतं. त्यांची मुलगी कामिनी दोन वर्षं बेसबॉल खेळत होती आणि आबांच्या लेखी तो शुद्ध रिकामटेकडेपणा होता. "जितन्यात ते राज्यना खेळले जा. हारन्यात ते हाऊ खेळ बंद," असं त्यांनी जेवताना बजावलं होतं. कामिनीने मुकाट मान हलवली होती. आबांचा शब्द म्हणजे शब्द, आणि पोरगी त्यांच्याच वळणावर गेलेली.

समोर शहरातल्या पोरींचा संघ, सगळ्यांचे बूट एकसारखे. आपल्या पोरींकडे नऊ ग्लोव्ह, त्यातले चार मोच्याकडून शिवून आणलेले. हे काय जिंकणार, असं कुणीही म्हटलं असतं. पण शेवटचा डाव सुरू झाला तेव्हा आपल्या पोरी चार-तीन अशा पुढे होत्या! आबांनी शेजारच्या कौसाबाईला दोनदा विचारून खात्री करून घेतली.

सगळ्यात मोठा धक्का कामिनीने दिला होता. पार मागे उभी राहून ती आभाळातून येणारा बॉल अलगद झेलत होती. हात पुढे, बॉल टेकला की हात मागे, आवाजसुद्धा नाही. आबा चमकलेच. हे तर त्यांनीच शिकवलेलं! पपई झाडावरून पिरगळून खाली टाकली की हात तिच्याबरोबर खाली न्यायचा, नाहीतर तिला डाग पडतो. कामिनी आठ वर्षांची असल्यापासून हौसेने ओळीत उभी राहून पपया झेलायची. खेळाचे हेमकांत सर तर सकाळी म्हणालेच होते, "आबा, दोन वरीस व्हई गयात, हिन्हा हातमाईन एक बॉल पडेल नही."

आबांच्या मळ्यात आणखी एक कायदा होता. हातातून पपई निसटलीच, तर झेलणाऱ्याने तिला शिवायचं नाही. दोन पावलं मागे सरायचं, हात वर करायचे आणि आबांकडे बघायचं. मार लागलेलं फळ चुकून चांगल्यात जाऊ नये म्हणून ते मालकच उचलणार. या कायद्यासाठी आबांनी भल्याभल्यांची खरडपट्टी काढली होती.

आता शहरवाल्यांच्या दोन पोरी बाद होत्या, दोन धावायला तयार उभ्या होत्या. आणखी एक बाद झाली की खेळ आपला; त्या दोघी फेरी पुरी करून होमच्या पाटीवर पोचल्या, तर त्यांचा. बॅट फिरली, बॉल उंच उडाला आणि थेट कामिनीकडे आला. पोरी आधीच नाचायला लागल्या. आबाही उठून उभे राहिले, कशाला ते त्यांनाच ठाऊक.

बॉल ग्लोव्हवर आला, कडेला लागला आणि खाली पडला.

"उचल! फेक!" हेमकांत सर ओरडले. बॉल कामिनीच्या पायाशीच होता. पण कामिनी दोन पावलं मागे सरली, दोन्ही हात वर केले आणि मान वळवून गर्दीत कुणाला तरी शोधू लागली. शहरवाल्यांची एक पोरगी धावत होमवर पोचली. मग दुसरीही पोचली. पाच-चार. संपलं.

जिंकलेल्यांनासुद्धा ओरडायचं सुचेना. सरांनी डोकं धरलं. "येडी शे का काय ही?" मागून कुणीतरी म्हणालं.

कौसाबाईची हयात आबांच्या मळ्यात पपया झेलण्यात गेली होती. तिने हळूच आबांची बाही ओढली. "आबा, पोर तुम्हनी वाट देखी ऱ्हायनी."

कामिनी अजून हात वर करून उभी होती. तिला भीती वाटत होती ती हरल्याची नव्हे, त्यांची. एवढी भीती आपण या लेकराच्या हाडात भरली? आबांना स्वतःची लाज वाटली, भर माणसांत, उभ्या उभ्या.

ते कठडा ओलांडून मैदानात शिरले. पंचांनी शिट्टी मारली, ती त्यांना ऐकू आली नाही. कामिनीजवळ जाऊन ते वाकले आणि त्यांनी बॉल उचलला.

"आबा, मन्हा हातमाईन पडना," कामिनी म्हणाली. तिने ग्लोव्हचा हात तेवढा खाली घेतला आणि ग्लोव्ह काढून घ्या म्हणून त्यांच्यापुढे धरला; दुसरा हात वरच होता. "आपन हारनूत. ठरेल व्हतं ना."

आबांनी ग्लोव्ह घेतला नाही. त्यांनी बॉल सदऱ्याला पुसला.

"हारनू ते मी. तू नही," ते म्हणाले. "सकायले मैदानवर जाय. आनि आते हातमाईन पडना ते तूच उचल. मन्ही वाट देखू नको."

त्यांनी बॉल तिच्या ग्लोव्हमध्ये ठेवला. तेव्हा कुठे कामिनीने दुसरा हात खाली घेतला.