नऊ नंबरचा लेन

भाषण देता देता अंशुमनने पडद्यावरच्या फुटबॉल मैदानात नऊ नंबरचा ठिपका मागे ओढला, तसे बर्मिंगहॅमच्या त्या लायब्ररीत जमलेले साठ-सत्तर लोक पुढे सरसावून बसले. शेवटच्या रांगेत मुरलीधररावांनी हाताची घडी घातली.

१९५४ साली एका कारखान्याच्या फुटबॉल टीमने हा प्रयोग केला होता. नऊ नंबरच्या सेंटर फॉरवर्डने समोरच्यांच्या गोलपाशी राहायचं, ही तेव्हाची रीत. या टीमने त्याला मैदानाच्या मध्यावर आणलं. त्याच्यावर नेमलेला बचावपटू गोंधळला. त्याच्यामागे जावं तर आपल्या गोलसमोर भगदाड, न जावं तर नऊ नंबर मोकळा.

पुढे त्याच कारखान्यात मुरलीधररावांनी तीस वर्षं लेथवर काढली. टीममधल्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन एकेक मॅच लिहून घेतली. भाषणाला त्यांना कधी कुणी बोलावलं नाही. नागपूरहून वर्क व्हिसावर आलेल्या अंशुमनने या टीमवर एक व्हिडिओ केला आणि लायब्ररीने त्याला बोलावलं.

तीन महिन्यांपूर्वी तो मुरलीधररावांच्या घरी आला होता. तुमच्याकडे काही लिहिलेलं आहे का, असं त्याने अदबीने विचारलं होतं. मुरलीधररावांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. देविकाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या होत्या.

आता अंशुमन सांगत होता, ही कल्पना कोचची. जुन्या पेपरांत तसंच छापलं होतं. पण ती होती नऊ नंबरवर खेळणाऱ्या लेन नावाच्या खेळाडूची. कॅन्टीनच्या टेबलावर मीठ-मिऱ्याच्या डब्या सरकवून त्याने ती कोचला पटवली होती. चूक ऐकून मुरलीधररावांना आतून गुदगुल्या झाल्या. मग पहिल्या रांगेत त्यांना लेनची मुलगी दिसली, मॉरीन. आता पंचाहत्तरीची. तिच्या वडिलांचं नाव एकदाच आलं, कोचने सांगितलं तसा धावणारा खेळाडू म्हणून. तिने मान खाली घातली.

“अहो, तुम्हाला माहितीये ना सगळं?” शेजारी बसलेल्या देविकाबाई हळूच म्हणाल्या.

“त्याला कशाला आयतं देऊ?”

“त्याला नका देऊ. तिला द्या.”

मुरलीधरराव उठले. अडखळत्या इंग्रजीत त्यांनी कॅन्टीन, त्या डब्या, लेनचे शब्द, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, या मुलाने मला विचारलं होतं, मीच लपवलं.

“थँक यू, काका,” म्हणून अंशुमनने पडद्यावरचं कोचचं नाव पुसलं आणि लेनचं लिहिलं. टाळ्या पडल्या. सगळे पडद्याकडे बघत होते.

कार्यक्रम संपल्यावर मॉरीन थेट पुढे गेली आणि तिने अंशुमनचा हात दोन्ही हातांत धरला. त्याला भेटणाऱ्यांची रांग लागली होती. मुरलीधरराव कोट हातावर घेऊन त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.