आधी माझा हात, मग तुझा

ज्या सकाळी रेणुकाताई गेल्याचा फोन आला, त्या सकाळी डॉक्टर बराच वेळ खुर्चीतून उठलेच नाहीत. मी ट्रेमध्ये पडून होतो. मित्रांनो, मी मानवतच्या एका हाडांच्या दवाखान्यातला प्लास्टर कापायचा जुना कटर आहे. ताई डॉक्टरांच्या सहायक होत्या. मला दुसऱ्या कुणाच्या हाताची सवय नव्हती. आता मला कोण धरणार, या भीतीनं मी गारठून गेलो.

कारखान्यातून आलो तेव्हा मी चकचकीत होतो. माझं पातं गोल आणि दातेरी आहे. ते गरगर फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. कडक प्लास्टर कापतं. मऊ कातडीला हलकंच टेकवलं तर कातडीही त्याच्याबरोबर थरथरते, कापली जात नाही. पण कुणी मला दाबून ओढलं, तर मी तापून कातडी भाजतो आणि कापतोही. म्हणून मला माझीच भीती वाटते. माझा आवाज ऐकून मोठी माणसंसुद्धा पाय आखडून घेतात.

ताई प्रत्येक पेशंटसमोर मला आधी स्वतःच्या तळहातावर टेकवत. "बघा, तुटला का माझा हात?" असं विचारत. मग पेशंट हसे आणि माझं काम सोपं होई.

दिवाळीनंतर पालमकडची नीलम हात मोडून आली. प्लास्टर घालून झाल्यावर तिचे वडील चंद्रभान म्हणाले, "आमी ऊसतोडीला जायलाव. हे तिकडंच कोयत्यानं फोडतो."

"कोयता उसाला ठेवा," ताई म्हणाल्या. "पोरीचा हात काय उसाचं कांडं हाय का? तोडीवरून एक दिवस काढा, पण हितंच या."

"मावशी, आधी तुमच्या हातावर फिरवताल ना?" नीलमनं विचारलं.

"फिरवते की. आधी माझा हात, मग तुझा."

ताईंना जाऊन पंधरा दिवस झाले. आज ते दोघं प्लास्टर काढायला आले. ताई गेल्याचं कळलं तसा नीलमनं हात ओढणीखाली लपवला. नवा सहायक जीवन यानं मला उचललं. तो काम शिकून आला होता, पण ताईंची रीत त्याला ठाऊक नव्हती. बटण दाबताच नीलम वडिलांच्या मागं गेली.

"ऱ्हाऊ द्या साहेब," चंद्रभान म्हणाले. "लय भेली हाय. घरीच बघतो मी."

घरी म्हणजे कोयता. जीवननं बटण बंद केलं, तरी माझ्या आतली थरथर थांबेना.

ताईंचे यजमान दत्तराव ताईंचा मागं राहिलेला डबा न्यायला आले होते; ताईंची रीत ते घरी ऐकून होते. त्यांनी डबा खाली ठेवला, बाकावर बसले आणि तळहात उताणा केला.

"जीवन, हितं टेकव." मग नीलमकडं बघून म्हणाले, "तुझ्या मावशीचा हात आता न्हाई. माझा चालंल का गं, बाई?"

नीलम ओढणीआडून बघत राहिली.

मित्रांनो, भ्यालेल्या लेकराला दाबून बसवू नका. आधी आपला हात पुढं करा.

मी दत्तरावांच्या तळहातावर थरथरतो आहे. त्यांनी हात मागं घेतलेला नाही. नीलमचं प्लास्टर अजून कापायचं आहे.