याला हात लावू नये

डोळ्याच्या पडद्याला बारीकसं भोक पडलंय असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी पहिलं विचारलं, “ऑपरेशननंतर स्क्रीन कधी बघता येईल?”

“पंधरा दिवस तर पालथंच झोपायचंय, तोंड खाली. स्क्रीन कसली बघताय?”

“मग जमणार नाही,” मी म्हटलं. शेजारी माझी ताई बसली होती, जन्मभर नर्सचं काम केलेली बाई. तिने डॉक्टरांसमोरच मला कोपराने ढोसलं.

जमणार कसं? मी काम करते त्या संशोधन संस्थेच्या रोपघरातले दिवे, पाणी, हीटर, सगळं आमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं. आमच्या म्हणजे माझ्याच. तरुणपणी अंगात रग होती, दुसऱ्याचं काही वापरायचंच नाही असा हट्ट. सिस्टिम मी लिहिली, एडिटर मी लिहिला, आणि लिहिलेलं सगळं यंत्राच्या भाषेत करून देणारा कंपायलरही माझाच. जगात तो दुसरं कुणी वापरत नाही, याचा मला केवढा तोरा! पुढे कळलं की काहीही बिघडलं की अख्खी प्रयोगशाळा माझ्या तोंडाकडे बघते. ताईच्या नातवाला बघायला गेले, तर फोन आला आणि दारातूनच परत फिरले. बाळाचा नुसता आवाज ऐकला.

ऑपरेशन मी दोनदा पुढे ढकललं. उजव्या डोळ्याला सरळ ओळ मधेच वाकलेली दिसायला लागली. आणखी लांबवलंत तर गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

शेवटी गोगलगाय पुढे आला. आमच्याकडचा इंजिनिअर, पण कामाचा वेग असा की हे नाव मीच ठेवलं, आणि तोही त्याला ओ देतो. साऱ्या जगाकडे असतो त्या साध्या कंपायलरवर माझी सिस्टिम चढवायची, म्हणजे उद्या कुणीही ती दुरुस्त करू शकेल, असं त्याने ठरवलं. माझ्या कंपायलरने कधी हूं की चूं केलं नव्हतं. या नव्याने पहिल्याच दिवशी इतक्या चुका काढल्या, की मला वाटलं सासूच राहायला आली. हिवाळाभर गोगलगाय त्या निस्तरत होता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी या सगळ्याची चाचणी होती. रोपघर सांभाळणाऱ्या बाईंनी सरळच सांगितलं, “आज माझ्यासमोर नीट चाललं तर ठीक. नाहीतर मॅडम, तुम्ही कुठेही जायचं नाही. माझं दोन वर्षांचं काम आहे त्या ट्रेमध्ये.”

ताई मला न्यायलाच आली होती. कोपऱ्यातल्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन बसली.

सिस्टिम सुरू झाली. दिवे लागले, पंप चालला. आणि त्या उबदार खोलीत हीटर भणभणायला लागला! स्क्रीनवर तापमान बर्फाच्याही खाली. “अहो, रोपं करपतील!” बाई ओरडल्या. गोगलगायने हाताने हीटर बंद केला.

मला तत्क्षणी कळलं. तापमान मोजणाऱ्या यंत्राला सुरू झाल्यावर जाग यायला क्षणभर लागतो. तेवढ्यासाठी मी तिथे एक रिकामा लूप टाकला होता. मोठ्या आकड्यापर्यंत मोजायचं, बाकी काही करायचं नाही. माझा कंपायलर सांगकाम्या. मोज म्हटलं की मोजायचा. हा नवा दीडशहाणा. मोजलेला आकडा पुढे कुणी वापरत नाही हे बघून त्याने मोजणंच काढून टाकलं असणार. मग काय, यंत्र अर्धवट झोपेत काहीतरी बरळलं, आणि ते खरं मानून हीटर पेटला.

शब्द ओठांवर आले होते. आणि मनात आलं, आज मी सांगितलं की उद्याही मलाच विचारतील, परवाही. मी शाळेतल्यासारखी हाताची घडी, तोंडावर बोट करून बसले.

ताई वाकून कुजबुजली, “तुला कळलंय ना?”

“हो.”

“मग सांग की!”

“नाही सांगणार. यालाच सापडलं पाहिजे.”

ताईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला तापच भरलाय.

“मॅडम, तुम्हीच बघा ना एकदा,” बाई काकुळतीला आल्या.

“मला ओळी वाकड्या दिसतात,” मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

गोगलगायने मान वर केली नाही. बंद केलं, चालू केलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. अरे बाबा, हल की जरा! चुकीच्या फाइलमध्ये शिरला तेव्हा तर मी स्वतःच्याच मांडीला चिमटा काढला. चहा गार झाला, तरी याचं बोट आपलं एकेका ओळीवरून सरकतंय.

“सुरू केल्याकेल्या घेतलेलं पहिलं माप चुकतंय,” तो स्वतःशीच म्हणाला, “आणि पुढची सगळी त्यावरूनच निघतात.” मग त्याचं बोट थांबलं. त्या लूपच्या डोक्यावर माझीच सूचना होती. त्याने ती मोठ्याने वाचली, “याला हात लावू नये.”

तो वैतागला. “असली कसली सूचना? का लावू नये, ते लिहायला काय झालं होतं?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझे कान तापले. एरवी मी त्याला तिथेच फैलावर घेतलं असतं. पण त्याचं काय चुकलं होतं?

“वाट बघायची होती इथे,” गोगलगाय म्हणाला, “तीच या शहाण्याने कापून टाकली!” घड्याळाकडे बघून थांबेल अशी नवी ओळ त्याने लिहिली, आणि वर कारण लिहिलं, चांगलं ऐसपैस. पुन्हा सुरू केलं. आकडा बरोबर आला. हीटर गप्प. बाईंनी ट्रेमधल्या मातीला बोट लावून पाहिलं आणि खुर्चीत बसल्या.

माझा जीव भांड्यात पडला.

“तुम्हाला माहीत होतं ना?” गोगलगायने विचारलं.

“पहिल्या मिनिटालाच.”

“आणि गप्प बसलात? तुम्ही?”

“जन्मात पहिल्यांदा,” ताई पिशवी उचलत म्हणाली. “चल आता.”

ऑपरेशन झालं. ताईच्या घरी मी पालथी पडून तिच्या फरशीचे डाग बघत होते, तर चौथ्या दिवशी फोन वाजला. ताईने तो माझ्या कानाला लावला.

“मॅडम, सकाळी पंप थांबेचना,” गोगलगाय म्हणाला.

मी कोपरावर उठायलाच लागले. “थांब, थांब, आधी ती दुसरी फाइल उघड...”

“अहो, झालं ते. परवा कामाला लागलेल्या नव्या मुलीने केलं, मीसुद्धा नव्हतो. डोळा कसाय, ते विचारायला फोन केला.”

उशीत तोंड खुपसून मी मुसमुसायला लागले.

“अगं ए, रडू नकोस, पट्टी भिजेल!” ताई ओरडली. “काय बिघडलं तिकडे? निघायचंय का तुला?”

“नाही गं,” मी म्हटलं. “कुठ्ठेही निघायचं नाही. बाळाला आण इकडे. फरशीवर ठेव, मला दिसेल असं.”