पाण्याला भिंत सांगायची राहिली

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्हीच म्हणाल, काय बाई आहे ही!

आमच्या प्रयोगशाळेत ताई आणि मी एकाच गोष्टीच्या मागे होतो. काचेच्या दोन पट्ट्यांमधली अरुंद फट, त्यात पाणी, पाण्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारे प्लास्टिकचे कण. ताई त्यांची हालचाल सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या, मी तसेच कण कॉम्प्युटरवर पळवायचे. ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, म्हणून सगळ्यांच्याच ताई. फटीच्या मधोमध आमचे आकडे छान जुळायचे. भिंतीजवळ मात्र माझे कण भराभर हलायचे आणि ताईंचे रेंगाळायचे.

सोमवारच्या बैठकीत आमच्या मार्गदर्शक सरांनी कारण विचारलं, तर मी फाडकन म्हणाले, "ताईंची काच नीट धुतलेली नसणार. कण चिकटतायत."

ताईंनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. सर म्हणाले, "शुक्रवारपर्यंत बघू. नाहीतर ताईंची मोजमापं शोधनिबंधातून काढून टाकू."

दोन वर्षांची मोजमापं! ताईंची पदवी त्यांच्यावरच उभी होती, हे मला चांगलं माहीत होतं. तरी मी गप्प बसले, कारण माझा आलेख फार देखणा होता.

गुरुवारी सकाळी ताई माझ्या टेबलाशी आल्या. हातात ग्लिसरीननं भरलेली काचेची उंच नळी आणि बेअरिंगमधले दोन बारीक छर्रे. म्हटलं, झालं, आता भांडण! मी पदर खोचून तयारच होते.

"एक मधे सोड, एक अगदी काचेलगत," त्या म्हणाल्या.

सोडले. मधला गेला तळाशी. काचेजवळचा अजून अर्ध्या वाटेत, आपला निवांत.

"हीपण काच मळकीच का गं?" ताईंनी विचारलं.

मी तडक कॉम्प्युटरकडे वळले. प्रोग्राम उघडला. पाणी कणाला किती अडवतं, तो आकडा मी माझ्याच जुन्या कामातून उचलून जसाच्या तसा चिकटवला होता. तो होता भिंती नसलेल्या मोकळ्या पाण्याचा! माझे कण भिंतीवर आपटून परत फिरत होते, ठीक आहे. पण भिंतीशी पाणीच सहज सरकत नाही, हे माझ्या गणितात कुठेच नव्हतं. भिंत मी कणांना सांगितली होती, पाण्याला सांगायची राहिली होती.

"तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारीच संशय आला होता."

"मग सरांना का नाही सांगितलंत? तुमची पदवी जात होती, ताई!"

"सरांना सांगितलं असतं तर तू चुकली असतीस. तुला सांगितलं तर नुसता प्रोग्राम चुकतो. दुरुस्त कर, उद्या नवा आलेख दाखव. विषय संपला."

मला रडूच फुटलं. जिच्या पोटावर मी पाय द्यायला निघाले होते, ती बाई माझीच अब्रू सांभाळायला आली होती. एवढं माझ्यासाठी आजवर कोणी केलं नव्हतं.

शुक्रवारी पडद्यावर माझी नवी रेघ ताईंच्या ठिपक्यांमधून अगदी भिंतीपर्यंत गेली. सर खूश झाले. "वा! म्हणजे प्रोग्रामच चुकला होता तर."

ताई खाली वहीत बघत होत्या. मी नुसती मान डोलावली असती तरी सुटले असते.

"प्रोग्राम नाही, सर. मी चुकले, आणि ते ताईंनी मला दाखवलं," मी म्हणाले. "त्यांची काच पहिल्या दिवसापासून स्वच्छ होती."