हातब्रेकची चिंधी

सत्यभामेच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं फकरुद्दीन मिस्त्री स्वतःला सांगत असे. खरं तर ते राहून गेलं नव्हतं, त्यानं दिलं नव्हतं. कार्ड दिवाळीत आलं होतं. आता संक्रांत उलटली होती आणि ते नटबोल्टांच्या डब्याखाली तेल पिऊन काळं पडत चाललं होतं. डाव्या हातानं हातोडा उचलला की मिस्त्रीची नजर त्या डब्याकडं जाई आणि घाव रिव्हेट सोडून भलतीकडंच बसे.

कार्ड गावच्या मास्तरांच्या अक्षरात होतं. "मिस्त्रीभाऊ, हे म्हणतात, घाटाच्या तोंडाशी मी बघितलं, चिंधी नव्हती. तुम्ही बांधली होती का नव्हती, एवढंच कळवा. तुरुंगात भेटायला गेलं की तेच एक विचारतात."

लढाईमुळं त्या दिवसांत मोटारींचं सामान मिळत नसे. मिळे ते सोलापुरात, इंग्रजी हद्दीत, कंपनीच्या एजंटाकडं. चारी चाकांचे ब्रेक बदलायला तो दीडशे कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये मागे, आणि नव्या सामानाची नाक्यावर करोडगिरीची जकात वेगळी. नळदुर्गात रस्त्याकडेच्या लिंबाखाली फकरुद्दीन तेच काम पस्तीस हाली, म्हणजे हलक्या संस्थानी रुपयांत करून देई. जिनिंगच्या गिरणीतला टाकलेला जाड पट्टा कापायचा आणि तांब्याच्या रिव्हेटांनी ब्रेकवर ठोकायचा. सपाटीवर तो पट्टा वर्षभर टिके. पण उतारावर पाय दाबून धरला की तापे, धुरावे आणि मग पायाखाली काही उरतच नसे. म्हणून अशी गाडी सोडताना मिस्त्री हातब्रेकला लाल चिंधी बांधी. त्या रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ती खूण ठाऊक होती. चिंधी दिसली की घाट उतरायचा नाही.

नवरात्राच्या तोंडावर हरिबाशेठनं आपली सर्व्हिस मोटार स्वतः आणून उभी केली होती. तिचा ड्रायव्हर लिंबाजी, सत्यभामेचा नवरा, तेव्हा सुट्टीवर होता. मिस्त्रीनं पट्टे ठोकले, चिंधी बांधली आणि तोंडानंही सांगितलं, "शेठ, धाराशिव-नळदुर्ग बिनघोर पळवा. तुळजापूरच्या खाली नका उतरवू."

"व्हय रं बाबा. तू सांगतूयस आन् म्या ऐकतूय," शेठ म्हणाला होता.

सातव्या माळेला त्यानं तीच गाडी सोलापूरच्या भाविकांनी गच्च भरली आणि लिंबाजीला घाटात सोडली. दुसऱ्या वळणावर गाडी खडकाला धडकून उलटली. एका बाईचं अर्धं अंग खिडकीत होतं आणि अर्धं चाकाखाली. लिंबाजी "बिरेक लागलं न्हाय, बिरेक लागलं न्हाय" म्हणत रांगत बाहेर आला. ज्यांची माणसं आत मेली होती त्यांनी त्याला पाय धरून ओढलं आणि हाताला लागेल त्या धोंड्यानं ठेचलं. एक डोळा तिथंच फुटला. उरलेल्या लिंबाजीला पोलिसांनी बैलगाडीत घालून नेलं.

त्यानंतर शेठ दुकानात आला, सोबत दोन पैलवान घेऊन.

"बिरेक कुठलं व्हतं, मिस्त्री?"

"पट्ट्याचं, शेठ. तुम्हीच तर..."

पैलवानांनी त्याचा उजवा हात त्याच्याच कामाच्या बाकावर नेला, लोखंडी शिकंज्यात घातला आणि दांडा फिरवला.

"कंपनीचं व्हतं. दीडशे कलदार मोजल्यात म्या. ड्रायवर पिऊन व्हता. आता सांग, कुठलं व्हतं?"

मिस्त्री ओरडायला लागला. पलीकडं चहाच्या दुकानातली माणसं उठून बघू लागली, तसं शेठनं खिशात हात घातला आणि जे सापडलं ते त्याच्या तोंडात कोंबलं. दांडा आणखी फिरला. हाडं मोडल्याचा आवाज झाला, वाळलेल्या तुरकाट्या मोडाव्यात तसा. मिस्त्रीला आठवत होतं ते एवढंच, की तोंडातल्या कापडाला इंजिन ऑइलची चव होती.

शुद्धीवर आल्यावर त्यानं ते थुंकलं. त्याचीच लाल चिंधी होती, त्याच्याच गाठीचा पीळ अजून तिच्यात होता.

धाराशिवच्या दवाखान्यात तीन बोटं कापली. अंगठा आणि करंगळी राहिली. चिंधी शरिफाबीनं, त्याच्या बायकोनं, धुऊन टाकायला घेतली, तर त्यानं ती तिच्या हातातून ओढून घेतली. मग सत्यभामेचं कार्ड आलं. शरिफाबी म्हणाली, "नक्को लिखो जी. एक हाथ बाकी है." आणि त्यानं लिहिलं नाही. रात्री पडल्या पडल्या तो स्वतःलाच खात राही. आपणच रिव्हेट कमी ठोकले असतील का? पट्टा कुजका असेल का? असल्या उलटतपासणीत उत्तर न लिहिण्याला कारण सापडे आणि मग त्याला झोप लागे.

आज सकाळी तीच मोटार दुकानापुढं येऊन थांबली. नवा रंग, नवी काच, नवा ड्रायव्हर. खाली उतरला तो हरिबाशेठच.

"मिस्त्री, बिरेक बदलायचंत. पट्टा हाय का?"

मिस्त्रीनं आपला उजवा हात वर करून दाखवला.

"डावा हाय की," शेठ हसला. "बायकूला धरायला लाव. मागचं झालं गेलं. पाच रुपये जास्त घे."

"गाडी कुठं लावताय?"

"तुला काय करायचंय?"

"सोलापूरला लावताय?"

"लावीन न्हाय तर पाण्यात घालीन. गाडी माझी हाय."

"मग कंपनीत न्या, शेठ. घाटाला कंपनीचंच बिरेक लागतंय. म्या न्हाय बसवणार."

"कंपनी दीडशे मागती, कलदार! तू पस्तीस हाली घेतूस. म्या काय येडा हाय का?"

"मागच्या वेळी दीडशे मोजलेच होते की तुम्ही," मिस्त्री म्हणाला. "अदालतीत तसं सांगितलंय म्हणं."

शेठच्या हातात गाडी सुरू करायचं लोखंडी हँडल होतं. ते मिस्त्रीच्या तोंडावर बसलं. तो ऐरणीवर पडला. ओठ फाटला, दोन दात रक्ताबरोबर मातीत पडले. दुसरा घाव खांद्यावर आला. तिसरा यायच्या आत शरिफाबी दोन्ही हातांनी घण उचलून मधे उभी राहिली.

"मारो ना!" ती म्हणाली. "आव, मारो!"

शेठ मागं सरला. मिस्त्री बसल्या जागेवरून ड्रायव्हरकडं बघून ओरडला, तोंडातून रक्ताचे फुगे काढत, "अरे ए बाबा! घाट उतरू नको! हिच्यात बिरेक न्हाय!"

ड्रायव्हरनं त्याच्याकडं पाहिलं, मग शेठकडं पाहिलं. मग मान खाली घालून गिअर टाकला. शेठ वर चढता चढता म्हणाला, "लई मिस्त्री हायेत रस्त्याला." गाडी तुळजापूरच्या अंगाला लागली. तिच्या हातब्रेकला काही बांधलेलं नव्हतं.

धूळ बसेपर्यंत दोघं तिथंच होती. शरिफाबीनं घण खाली ठेवला, पदर भिजवून त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मैं बोली थी नक्को लिखो. अब मैंच बोलती, लिखो."

तिनं कागद बाकावर दाबून धरला. तो डाव्या हातानं उर्दूत लिहू लागला. सत्यभामेला उर्दू येत नव्हती, पण लिंबाजीच्या वकिलाला येत होती आणि अदालतीची भाषा तीच होती. अक्षरं लंगडत होती, मधेच रक्ताचा थेंब पडला तर त्यानं तो फासला आणि पुढं लिहिलं: बहन, चिंधी मी बांधली होती. शेठनं सोडली. माझ्या तोंडात त्यानं कोंबली ती हीच. लिंबाजीला सांगा, त्याची नजर चुकली नव्हती. अदालत बोलावील त्या दिवशी मी येईन.

ट्रंकेच्या तळातून चिंधी काढून त्यानं घडी केली. धुतली नव्हती, वाळलेल्या रक्तानं ती चामड्यासारखी झाली होती आणि दातांच्या खुणा अजून दिसत होत्या.

टपालखान्यातल्या बाबूनं लिफाफा तोलला, सुजलेल्या तोंडाकडं पाहिलं आणि नको ते विचारायचं टाळलं. "मिस्त्री, काय कोंबलंय आत? तिकीट जास्त लागंल."

"चिंधी हाय."

"चिंधी टपालानं धाडतंय व्हय कुणी?"

"लावा तिकीट," मिस्त्री म्हणाला.

बाहेर पेटीपाशी तो जरा थांबला. तुळजापूरचा रस्ता रिकामा होता. लिफाफा इतका वेळ डाव्या हातात होता. तो त्यानं उजव्या हातात घेतला, अंगठा आणि करंगळीच्या मधे, दोनदा निसटला तरी पुन्हा धरला, आणि पेटीत सोडला.