सहावं टायर

हिंगणीची पहिली गाडी सव्वासहाला सुटायची आणि पौर्णिमाची खुर्ची त्या गाडीवर टांगलेली होती. एसटीच्या आगारात ड्युट्या लावायला बसून तिला वीसच दिवस झाले होते, तेवढ्यात गाडी सातदा लेट सुटली. आगाराचे साहेब पुंडलिकराव सगळ्यांदेखत म्हणाले होते, "आता एकदा जरी लेट झाली, तर तुम्ही परत स्टोअरमध्ये. नट-बोल्ट मोजत बसा. ते उलटून बोलत नाहीत."

पौर्णिमा हुशार होती. तिचा तक्ता बिनचूक असायचा. तरी ड्रायव्हर दांड्या मारत, उशिरा येत, तोंड फिरवून जात. महिन्यापूर्वी नागपूरहून एक टायवाला ट्रेनिंग द्यायला आला होता. पडद्यावर मेंदूचं चित्र, वर मोठ्या अक्षरांत 'भावनिक बुद्धिमत्ता'. तीन तास बोलला, समोसे खाल्ले, फोटो काढून घेतले, गेला. एकाही ड्रायव्हरला त्यानं नाव विचारलं नाही. पौर्णिमानं मात्र सगळं वहीत उतरवून घेतलं होतं.

त्या बुधवारी कैलास ड्रायव्हर सहाला आला.

"दहा मिनिटं उशीर झाला, कैलासभाऊ."

"मांडा मंग कागदावर. तुमाले तेच येते."

टॉमी उचलून तो गाडीकडे गेला. गाडी काढण्याआधी ड्रायव्हर या लोखंडी टॉमीनं सहाही टायर ठोकून पाहतात. हवा कमी असली की आवाज बदलतो.

खिडकीखाली जुन्या टायरवर नत्थूजी चहा पीत बसले होते. टायर विभागात एकतीस वर्षं घासलेला माणूस. पाठ गाडीकडे.

"मॅडम, त्याले थांबवा."

"का?"

"पाचच ठोकले त्यानं."

"विसरला असेल."

"कैलास? अठरा वर्षांत नाई विसरला. अन् पाच ठोकले ते बी आयकले नाई त्यानं. हात इथं हाये, माणूस दुसरीकडंच. अन् चाळीस जीव घेऊन जाऊन राह्यला."

पौर्णिमानं खिडकीतून वाकून पाहिलं. हा पाठमोरा म्हातारा चहाचे घोट घेता घेता एका माणसाच्या पोटातलं ऐकत होता! तिच्या वहीत यातलं अक्षरही नव्हतं.

सहा वाजून दहा मिनिटं. थांबवलं तर गाडी लेट, खुर्ची गेली. गप्प बसलं तर गाडी टायमावर. कोण विचारणार होतं?

ती पळाली.

"कैलासभाऊ, सहावं टायर राह्यलं."

कैलासनं टॉमीकडे पाहिलं, टायरकडे पाहिलं आणि गाडीच्या पायरीवर मटकन बसला.

"समीक्षाचं आपरेशन हाये आठ वाजता, वर्ध्याले. पोरगी म्हणे, बाबा तुमी पायजे."

"मग रजा का नाही मागितली?"

"मागितली ना काल! तुमी वाचलीच कुठं? मान खाली, अन् 'रजा नाही'."

खरं होतं. काल अकरा अर्जांवर तिनं तसंच म्हटलं होतं.

"चुकलं माझं, भाऊ. तुम्ही जा. आत्ता जा."

आगारामागच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या श्रावण ड्रायव्हरची त्या दिवशी सुट्टी होती. याच श्रावणला तिनं दोनदा डबल ड्युटी ठोकली होती. तिनं दार वाजवलं तसा तो तोंडाला दाढीचा फेस लावून दारात आला.

"श्रावणभाऊ, माझ्या चुकीनं कैलासभाऊ अडकले होते. मी त्यांना पोरीकडे पाठवलं. हा हुकूम नाही. मदत मागायला आले."

श्रावणनं खांद्यावरचा टॉवेल ओढला. "मॅडम, असं बोलाले येते तं मंग इतके दिवस काऊन नाई बोलल्या?" अर्धी दाढी तशीच पुसून तो निघाला.

गाडी बावीस मिनिटं लेट सुटली. कारणाच्या रकान्यात पौर्णिमानं लिहिलं, 'चूक माझी. रजेचा अर्ज न वाचता नाकारला.'

सोमवारी साहेब तिच्या बदलीचा कागद घेऊन स्वतः आले. सहा वाजले होते. आवारात आठ गाड्या आणि आठही ड्रायव्हर हजर. बुधवारची गोष्ट आगारभर झाली होती, पण वेळेवर या असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

"आज काय भानगड आहे?" साहेबांनी विचारलं.

"काई नाई साहेब," नत्थूजी म्हणाले. "लोकं कामावर आले."

ठोके सुरू झाले. या गाडीचे, त्या गाडीचे, एकात एक. पौर्णिमा गाड्यांकडे पाठ करून उभी राहिली. एवढं मोठं काहीतरी रोज सकाळी तिच्या खिडकीखाली वाजत होतं आणि ती तक्ते भरत होती! हिंगणीच्या गाडीजवळ कैलासचा हात पडला. एक, दोन, तीन... सहा. जरा थांबून सातवा.

"हा बुधवारचा राह्यलेला," नत्थूजी म्हणाले. "पोरगी बरी हाये त्याची."

"सांगितलं त्यानं?"

"आयकू नाई आलं तुले?"

ऐकू आलं होतं. गाडी सव्वासहाला फाटकाबाहेर पडली. साहेबांनी घड्याळ पाहिलं, कागदाची घडी केली आणि खिशात घातली.